पप्पा ओके पीस नाहीत

"मॅडम, दिवसभर पुरुषांचं तसलं सगळं बघायला तुम्हाला लाज नाही वाटत?"

मी विचारलं. खरंच विचारलं! आईने टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणीच आलं. पप्पा भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे बघायला लागले, तेही असं, की जणू ते ड्रॉइंग त्यांनाच पास करायचंय.

हे सगळं दिव्यामुळे. दिव्या दहावी ब मध्ये माझ्या बाकावर बसते. पप्पांच्या लघवीच्या पिशवीचं ऑपरेशन करणारी सर्जन बाई आहे हे तिला कळलं आणि मधल्या सुट्टीत पाच डोकी एकत्र आली. "आमू, विचारून दाखव. विचारलंस तर आठवडाभर वडापाव आमचा." मी म्हटलं, त्यात काय! आठवीपर्यंत मला कुणी असलं काही सांगितलंच नसतं. तेव्हा मी हजेरीला 'हजर'सुद्धा इतक्या हळू म्हणायचे की बाई गैरहजेरी मांडायच्या. मग नववीत वक्तृत्व स्पर्धेला कुणीच उभं राहीना म्हणून मला ढकललं गेलं, आणि मी पहिली आले. तेव्हापासून मुलीचं तोंड बंदच होत नाही, असं आईचं म्हणणं आहे. आम्रपाली ओव्हाळ, संत तुकाराम नगर. नाव लक्षात ठेवा.

डॉक्टर मिनल देवकर रागावल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"पैज लागलीये का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कशाची?"

"वडापाव. आठवडाभर."

"स्वस्तात गेलीस." त्या हसल्या. "ऐक. मी बाहेरून फार काही बघत नाही गं. माझं काम आतलं. आणि आतून सगळे सारखेच दिसतात. गुलाबी. साहेब असो, हमाल असो. लाज मला नाही, येणाऱ्यांना वाटते. लघवीतून रक्त जातं, दुखत काहीच नाही, मग लाजेपोटी गप्प बसतात आणि महिने घालवतात. त्याचा मला राग येतो."

आता आईसुद्धा किडनीच्या चित्राकडे बघायला लागली. कारण पप्पांनी नेमकं तेच केलं होतं.

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. नसेल त्या दिवशी संडासात एकेक तांब्या जपून टाकायचा. पप्पा यात सगळ्यांत काटकसरी. आणि त्या काटकसरीपायीच सापडले. पावसाळ्यातली गोष्ट, सकाळी पप्पांच्या मागोमाग मी आत गेले आणि खाली बघते तर लाल. मी ओरडले. पप्पा ब्रश तोंडात धरूनच धावत आले.

"काही नाही गं. बीट खाल्लं होतं."

"पप्पा, आपल्या घरात बीट शेवटचं कधी आलं?"

"कँटीनला."

"कँटीनला बीट?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुमच्या कँटीनला बटाट्याशिवाय काही मिळतं हे मला आजच कळतंय."

झालं, सापडले. उन्हाळ्यापासून अधूनमधून जात होतं म्हणे. दुखत नव्हतं, म्हणून त्यांनी ते उष्णतेवर ढकललं. आईने त्याच दिवशी अंगणवाडीत सुट्टी टाकली आणि त्यांना सोनोग्राफीला नेलं. पिशवीत दोन गाठी दिसल्या. कॉलनीत विचारणाऱ्यांना पप्पांनी सांगितलं, मुतखडा. मी दिव्याला खरं सांगितलं.

तर, केबिन. माझा पहिला प्रश्न पचल्यावर मी दुसरा विचारला, तिसरा विचारला. मॅडमनी कागद पुढे ओढून फुग्यासारखी पिशवी काढली. पोट कापायचं नाही. लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण आत न्यायची. तिच्या टोकाला कॅमेरा आणि तारेचं छोटं कडं, त्या कड्यात वीज. आत सलाईनचं पाणी सोडून पिशवी फुगवायची, म्हणजे सगळं स्वच्छ दिसतं.

"यातली एक गाठ लहान आहे, देठावर उभी," त्यांनी फुग्याच्या आत एक झाड काढलं. "तिच्याभोवती गोल चीर घेऊन ती बुडासकट अख्खी उचलायची. नर्सरीत रोप उपटतात ना मातीच्या गड्ड्यासकट? तसं. म्हणजे मुळं किती खोल गेलीत ते तपासणाऱ्याला नीट दिसतं. दुसरी पसरलेली आहे. ती अख्खी निघणार नाही. ती थराथराने खरवडत जायची. शेवटी बुडाचा तुकडा वेगळा घ्यायचा, खालच्या स्नायूपर्यंत. नंतर सुटलेल्या पेशी परत कुठे रुजू नयेत म्हणून पिशवीत औषध सोडायचं."

माझ्या अंगावर काटा आला होता. पण आवडतही होतं. आणि पप्पांनी एवढं सगळं ऐकून काय विचारावं?

"फिनिश कसा येतो?"

पप्पा चाकणला गिअर बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात आहेत. घरातली पोळीसुद्धा ते उजेडाकडे धरून बघतात.

"जखम भरली की गुळगुळीत," मॅडम म्हणाल्या.

पप्पांनी मान डोलावली. पास.

ऑपरेशन छान झालं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, त्यामुळे पप्पा जागे होते आणि मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून ठेवली होती. वॉर्डात आल्यावर ते नळी लावलेल्या अवस्थेतही थांबेनात. "आमू, आत समुद्र आहे गं! पाण्यात झुडूप हलतं तसं हलत होतं ते. मॅडमनी बुडाशी असा गोल घेतला," हवेत बोट फिरवून दाखवलं, "आणि उचललं. काय हात आहे बाईंचा! टूलरूमला पाहिजेत." खाली लटकवलेली पिशवी आधी कोकम सरबतासारखी लाल होती, मग फिकट होत होत पाण्यासारखी झाली. शाळेत मला वडापाव मिळत होते. मला वाटलं, संपलं.

मग रिपोर्ट आला.

मॅडमनी यावेळी फुग्याच्या भिंतीला तीन रेघा काढल्या. आतलं अस्तर, त्याखाली मऊ थर, त्याखाली स्नायू. पसरलेली गाठ अस्तर ओलांडून मऊ थरात शिरली होती. स्नायू स्वच्छ होता. "लवकर सापडलं, हे चांगलं. पण पेशी आक्रमक जातीच्या आहेत. महिन्याभराने परत एकदा दुर्बीण घालायची आणि त्या जागेचं बूड परत काढायचं. तारीख आत्ताच लिहून देते."

घरी येताना रिक्षात पप्पा गप्प. इतके गप्प की रिक्षावाल्याने पिंपरी चौकात चुकीचं वळण घेतलं तरी बोलले नाहीत.

रविवारी त्यांनी जाहीर केलं. "मी काही परत ऑपरेशन करणार नाही. त्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट आहे, मी कंपनीत जाणार."

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "अहो, असं कसं?"

त्यांच्या बाजूने निरंजन काका आले होते. काका पप्पांच्याच कंपनीत मशीनवर आहेत, मूळचे बीडचे. त्यांच्याइतका ऐन वेळी दारात हजर होणारा माणूस मी पाहिला नाही. बशीत चहा ओतत ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही उगं घाबरायलात. धम्माभाऊच्या रिपोर्टात स्नायू क्लीन लिवलंय का न्हाई? लिवलंय. मंग? ओके पीस हाय तो! ओके पीस परत मशीनला कामून लावायचा?"

"तेच," पप्पा आईकडे वळून म्हणाले. "कस्तुरा, पिशवीची भिंत किती पातळ असते, मी स्वतः स्क्रीनवर बघितलीये. एकदा छिलली. ओके पीस म्हणजे मापातला जॉब. मापातला जॉब परत छिलला की अंडरसाइज होतो. अंडरसाइज झाला की त्याचं काही करता येत नाही. स्क्रॅप. आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"तुम्ही जॉब आहात का?" आईने विचारलं.

"तत्त्व तेच आहे."

आता माझी वेळ. मी पप्पांच्या समोर मांडी घालून बसले. पप्पांच्या कंपनीत एक अंधारी खोली आहे. तयार गिअरवर चमकणारं द्रावण सोडतात, आणि जांभळ्या दिव्याखाली बारीक तडा असेल तर तो पोपटी रेघेसारखा पेटतो. पप्पा वर्षानुवर्षं त्या खोलीत बसतात. लहानपणी मला वाटायचं, माझे वडील अंधारात काजवे शोधतात आणि कंपनी त्याचा पगार देते.

"पप्पा, तुमच्या खोलीत येणारे गिअर आधी कुणी तपासलेले नसतात का?"

"असतात की. मापं बघून, नजरेने बघून, पास होऊनच येतात."

"मग तुम्ही परत का बघता? आधीचा आंधळा होता?"

"आंधळा कसा असेल? साध्या उजेडात तडा दिसतच नाही. त्याला उजेड वेगळा लागतो." बोलता बोलता पप्पा थांबले.

मी हात उडवले. "मग! मॅडम तेच करणार आहेत!"

मला वाटलं, जिंकले. टाळ्यांची वाट बघत होते. पण काकांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पन पोरी, तुझ्या बापाच्या खोलीत गिअर कापत न्हाईत. नुसतं बघतेत. मॅडम तर परत कापणार हायेत."

मी तोंड उघडलं. बंद केलं. परत उघडलं. काहीच आलं नाही. काकांचं बरोबर होतं! वक्तृत्वात असं कधी झालं नव्हतं, तिथे समोरचा उलट बोलतच नाही. "तुम्हाला काही कळत नाही, काका," एवढंच म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन वाळत घातलेल्या टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडले. खरं सांगायचं तर भांडण हरल्याचं रडू नव्हतं ते. मला त्या मऊ थराची रेघ दिसत होती, आणि तिच्याखालची तिसरी रेघ.

आत आईचा आवाज आला. आई आवाज चढवत नाही. पंचवीस पोरांना झोपवणारी बाई आहे ती.

"तुम्हाला ऑपरेशन करायचं नाही ना? नका करू. पण आत्ता निरंजन भावजींना सांगितलंत ते सगळं उद्या मॅडमना सांगायचं. तोंडावर. पोरीने सगळ्यांदेखत काय काय विचारलं, तिला लाज वाटली नाही. तुम्हाला नुसतं 'का' विचारायला लाज वाटते, म्हणून शिफ्टचं कारण."

काकांनी चहा संपवला आणि "येतो, राव" म्हणून निघाले. पायऱ्या उतरतानाचा त्यांचा आवाजसुद्धा हळू होता.

दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवली. ('आमू, आज कोणता प्रश्न?' दिव्याचा मेसेज. मी उत्तर दिलं नाही.) केबिनमध्ये पप्पा खुर्चीवर बसलेच नाहीत. कंपनीत ग्राहकाकडचे साहेब आल्यावर उभे राहत असतील तसे, हात मागे बांधून उभे राहिले.

"मॅडम, एक शंका आहे. राग मानू नका. ओके पीस परत मशीनला का लावायचा?"

मॅडमना आधी काही कळलंच नाही. मग पप्पांनी माप, छिलणं, अंडरसाइज, स्क्रॅप, सगळं समजावून सांगितलं. छान सांगितलं. मला एकदम वाटलं, माझा आवाज आईकडून आलेला नाही.

मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. "ओव्हाळ साहेब, ओके कोण म्हणालं?"

"रिपोर्ट. स्नायू क्लीन."

"रिपोर्ट कशाचा आहे?"

"पिशवीचा."

"नाही. मी जे तुकडे बाहेर काढले, त्यांचा. ते प्रयोगशाळेत गेले. पिशवी तुमच्याजवळच आहे. तिच्यात काय उरलंय, त्याचा रिपोर्ट अजून कुणाकडेच नाही. अख्खी उचललेल्या गाठीची मला काळजी नाही. खरवडून काढलेल्या गाठीची आहे."

पप्पा हळूच खुर्चीत बसले.

"म्हणजे," ते स्वतःशीच म्हणाले, "मी मशीनखाली पडलेला कीस बघून जॉब पास करत होतो."

"मला तुमचं मशीन माहीत नाही. पण तसंच काहीतरी."

"आणि भिंत? पातळ होत जाणार."

"भरून येते. जखमेवर नवं अस्तर धरतं. लोखंडाला ते जमत नाही, तुम्हाला जमतं."

"भोक पडलं तर?"

"पडू शकतं," मॅडम म्हणाल्या. हे मला फार आवडलं, की त्या 'काही होत नाही हो' म्हणाल्या नाहीत. "क्वचित. पडलं तर नळी जास्त दिवस ठेवायची, बहुतेक वेळा आपलं आपण मिटतं. पण न केल्याचा धोका त्याहून मोठा आहे. या प्रकारात दुसऱ्यांदा बघितलं की बऱ्याच जणांत काहीतरी मागे राहिलेलं सापडतं. ते राहू दिलं आणि स्नायूत शिरलं, तर मग खरवडून भागत नाही. अख्खी पिशवी काढावी लागते."

आईने माझा हात धरला.

मला गप्प बसवेना. "मॅडम, दुसऱ्यांदा बघताना वेगळा उजेड असतो का?"

"तुला कसं माहीत?" मॅडम चकित. "आमच्याकडे आहे. निळसर हिरवा. त्यात रक्तवाहिन्या गडद दिसतात. गाठीला रक्त जास्त लागतं, त्यामुळे साध्या उजेडात निसटलेला बारीक डागही उठून दिसतो. पहिल्या वेळी आत ताजं रक्त असतं, नीट बघता येत नाही. आता जागा स्वच्छ झाली असेल."

पप्पांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग मॅडमना म्हणाले, "तारीख तीच ठेवा. शिफ्ट मी बदलून घेतो."

आणि सापडला. जुन्या जखमेच्या कडेला, मसुराएवढा. पप्पा जागेच होते, स्क्रीन त्यांच्याकडेच होती. मॅडमनी उजेड बदलला आणि मॅडमच्या आधी पप्पाच ओरडले म्हणे, "ते बघा, डाव्या हाताला, तपकिरी!" भूल देणारे डॉक्टर दचकले. मॅडम म्हणाल्या, "दिसलं, ओव्हाळ साहेब, तुम्ही हलू नका." तो डाग त्यांनी काढला, त्याखालचं बूडही काढलं. या वेळचा रिपोर्ट यायच्या आदल्या दिवशी आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. आईने भाजीत दोनदा मीठ घातलं आणि आम्ही ती निमूट खाल्ली. रिपोर्टमध्ये होतं, डाग फक्त अस्तरात होता. मऊ थर स्वच्छ. स्नायू स्वच्छ.

निरंजन काका पेढे घेऊन आले. "मी कवा नको म्हनलो होतो?" आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पुढचा पेढा स्वतःच्याच तोंडात टाकला.

मग दर आठवड्याला एक याप्रमाणे लसीचे डोस सुरू झाले. बाळांना टीबीची देतात तीच लस, पण दंडावर नाही, बारीक नळीने थेट पिशवीत. म्हणजे तिथली पहारेकरी मंडळी जागी होतात. घरी आल्यावर पप्पांना जळजळ व्हायची, ते फेऱ्या मारायचे आणि आम्ही त्यांना संडास आधी द्यायचो. दिवाळी त्यातच गेली. पप्पांनी आकाशकंदील तरीही मापात लावला.

शेवटच्या डोसच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "आता दर तीन महिन्यांनी दुर्बीण. पाच मिनिटांचं काम. पण चुकवायचं नाही. ही गाठ परत येणाऱ्यांतली आहे, आणि आली तर आपल्याला ती लहान असतानाच भेटली पाहिजे."

पप्पा तिथे हो हो म्हणाले. काल रात्री जेवताना मात्र, भाकरीचा तुकडा मोडत, अगदी सहज म्हणाले, "ती जानेवारीतली तपासणी आमूच्या सराव परीक्षेत येतेय. तिच्या अभ्यासाचं बघू आधी. दहावीचं वर्ष आहे. परीक्षा होऊ दे, मग एप्रिलमध्ये जाऊन येऊ निवांत. आता काय, ठणठणीत तर आहे मी."

आई माझ्याकडे बघत होती. पप्पा ताटाकडे बघत होते.

ताटावरून उठायचं नसतं. मी उठले.

"पप्पा, आई, मी ठरवलंय. तपासणी जानेवारीतच होणार. तुम्ही असं काहीतरी म्हणणार हे मला माहीत होतं, म्हणून दुपारीच हॉस्पिटलला फोन करून तारीख मी पक्की केलीये. त्या दिवशी माझा भूमितीचा पेपर सकाळी आहे, तपासणी दुपारी आहे. मी शाळेतून सरळ तिकडेच येणार, गणवेशातच. तुम्ही आत असाल तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर इतिहास वाचत बसेन. आणि शेजारी बसलेल्या कुणी विचारलं, वडिलांना काय झालंय, तर मी मुतखडा सांगणार नाही."